चवड्यांवर

मराठीत तिला पोटरी म्हणतात आणि त्या शब्दात पोट स्पष्ट ऐकू येतं. गुडघ्याखाली, मागच्या बाजूला, पायालाही एक लहानसं पोट आहे. गंमत म्हणजे ग्रीकांनाही हेच सुचलं होतं. तिथल्या मोठ्या स्नायूचं वैद्यकातलं नाव गॅस्ट्रोक्नेमियस, म्हणजे सरळसरळ पायाचं पोट. आमच्या बडोद्यात, गुजरातीत, ती पिंडी होते, हिंदीत पिंडली, आणि दोघींची आजी संस्कृतातली पिंडिका. दक्षिणेकडच्यांना मात्र तिथं मासा दिसला. तमिळमध्ये पोटरीला केंडैक्काल म्हणतात आणि केंडै हा मासा, कन्नडातही मीनखंड. शेतकरी ज्वारी पोटरीत आली म्हणतो तेव्हा कणीस बाहेर पडलेलं नसतं, पानाच्या आवरणात आतल्या आत फुगलेलं असतं. मला यांतलं हे शेवटचं सगळ्यांत जास्त आवडतं.

पन्नाशी ओलांडेपर्यंत मी हा शब्द एकाच वाक्यात वापरला होता: पोटऱ्या दुखतायत. तीन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात, सातव्या माळेला, डाव्या टाचेमागची शीर तुटली. शीर म्हणायची आपली पद्धत. खरं तर तो कंडरा, पोटरीला टाचेशी बांधणारा जाड दोर, ज्याला अकिलीसचं नाव आहे. बडोद्यातल्या मराठी घरांत सकाळी घट आणि माळ असते आणि रात्री अनवाणी गरबा. मी लहानपणापासून खेळत आले आहे. त्या रात्री त्रण ताळीच्या फेऱ्यात मागून कुणीतरी टाचेवर दांडिया मारला असं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. पुढे डॉक्टर म्हणाले, या दुखण्याचे बहुतेक रोगी असेच वळून पाहतात. त्यांनी मला पालथं झोपवलं आणि एकेक पोटरी मुठीत दाबली. उजवं पाऊल माशाच्या शेपटीसारखं हललं. डावं हललं नाही. तपासणी एवढीच. तमिळ लोकांचा शब्द मला तिथं कळला.

शस्त्रक्रिया, प्लास्टर, मग टाचेखाली पाचरी घातलेला तो अवजड बूट. हे सगळं लवकर सांगून टाकते, कारण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. बूट निघाला तेव्हा शिंप्याची टेप काढून मी दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी चौतीस सेंटिमीटर, डावी साडेएकतीस.

टेप हातात होतीच म्हणून आईंचीही मोजली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ऐंशी. आधीच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्या भिंतीच्या आधाराशिवाय चालत नव्हत्या आणि आंघोळीच्या वेळी कुणीतरी दाराशी उभं राहावं लागायचं, हे त्यांना फार लागत होतं. त्यांची पोटरी भरली अठ्ठावीस. म्हातारपणी स्नायू झिजतात, त्याच्या चाळणीसाठी आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली बायकांकरता तेहेतीस सेंटिमीटरची खूण ठरवली आहे; पोटरी त्याखाली गेली तर पुढच्या तपासण्या कराव्यात. मी हे सांगितल्यावर आई म्हणाल्या, ‘‘तेहेतीस माझ्या लग्नातही नसतील. आणि लुगड्याआडचं कोण मोजतंय?’’

अशा आम्ही दोघी एकाच फिजिओथेरपिस्टच्या ताब्यात गेलो. मुलगी तिशीच्या आतली, गुजराती. मला आंटी म्हणायची, आईंना बा. तिने पहिल्या दिवशी कागदावर पायाचं चित्र काढून जे समजावलं, त्यावर पुढचा सगळा हिशेब उभा आहे. पोटरी दिसते एक, पण आत दोन स्नायू आहेत. वरचा, तो पायाच्या पोटाचा, दोन डोक्यांचा. तो गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो. त्याच्याखाली दडलेला चपटा स्नायू सोलियस. तो गुडघ्याच्या खालून निघतो. लॅटिनमध्ये सोलिया म्हणजे चप्पल, आणि त्याच आकाराचा चपटा मासाही, आपल्याकडच्या लेपोसारखा. म्हणजे इथंही मासा आलाच. दोघे खाली एकाच कंडऱ्यात मिसळतात आणि टाच उचलतात.

आता गुडघा वाकवला तर काय होईल? वरच्या स्नायूची दोन्ही टोकं जवळ येतील आणि तो सैल पडेल, वाळत घालायच्या दोरीचा एक खिळा पुढे सरकवल्यासारखा. सैल दोरी ओढून काही उचलत नाही. मग टाच उचलण्याचं बहुतेक काम खालच्या सोलियसकडे जातं. पोटरीच्या कुठल्याही दोन व्यायामांची तुलना करायची तर पहिला प्रश्न हाच: गुडघा सरळ आहे की वाकलेला?

सुरुवात रबराच्या पट्टीने झाली. पलंगावर पाय पसरून बसायचं, पट्टी चवड्याला अडकवायची, दोन्ही टोकं हातात धरून पाऊल पुढे दाबायचं. पट्ट्या रंगावरून ओळखायच्या. पिवळी सगळ्यांत हलकी, मग लाल, मग हिरवी. माझं मत विचाराल तर पट्टीचा उपयोग स्नायूपेक्षा मेंदूला जास्त. तीन महिने गप्प बसलेल्या पावलाला आपण त्याचे मालक आहोत हे कळतं. पण चालताना त्याच पोटरीला माझं बासष्ट किलोचं धूड पुढे ढकलायचं असतं, आणि पळताना तर त्या कंडऱ्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. हिरव्या पट्टीची तिथं काय मजाल.

मग खुर्ची. बसून, मांडीवर गुडघ्याजवळ पाच किलो पिठाची पिशवी ठेवून टाचा उचलायच्या. हा व्यायाम आम्हा दोघींना एकदम आवडला. मी साठपर्यंत जायची. पोटरीत अशी आग व्हायची की नक्की काहीतरी घडतंय असं वाटावं. आई पिशवीशिवाय, मालिका बघता बघता, चाळीस करायच्या. सहा आठवड्यांनी टेप लावली तर माझा आकडा जवळजवळ तिथंच.

कारण फिजिओने दाखवलेल्या एका जपानी अभ्यासात होतं, २०२३चा. व्यायामाची सवय नसलेले चौदा जण घेतले. प्रत्येकाने एका पायाने उभ्याने, गुडघा सरळ ठेवून टाच उचलायची, दुसऱ्या पायाने बसून, गुडघा वाकवून. म्हणजे तुलना शेजाऱ्याशी नाही, आपल्याच दुसऱ्या पायाशी. मला ही रचना फार भावली, कारण मीही तेच करत होते. आठवड्यातून दोन दिवस, दहाचे पाच फेरे, बारा आठवडे. शेवटी वरच्या स्नायूचं बाहेरचं डोकं उभ्या पायात १२.४ टक्क्यांनी वाढलं, बसलेल्या पायात १.७. आतलं डोकं ९.२ विरुद्ध ०.६. आणि सोलियस? उभ्याने २.१, बसून २.९, म्हणजे जवळपास सारखंच. बसून करण्याचा जो खास फायदा म्हणून सांगतात, तो उभ्यानेही तेवढाच मिळत होता. ज्याला उभं राहता येतं त्याने पोटरी भरण्यासाठी खुर्चीत वेळ घालवायचं फारसं कारण उरत नाही.

खुर्ची गेली आणि मी ओट्याशी आले. ओट्याला बोटं टेकवायची, चवड्यांवर चढायचं, उतरायचं. आधी दोन्ही पायांवर, मग चढताना दोन आणि उतरताना एक, मग एकाच पायावर. पहिल्यांदा नुसत्या डाव्या पायावर चढायला गेले तेव्हा टाच जमिनीवरून उचललीच नाही. मी आज्ञा देत होते आणि पाय ऐकत नव्हता. उजव्याने त्याच मिनिटाला वीस केले. ओट्यावर कुकर होता, त्याच्या तीन शिट्ट्या झाल्या, तरी मी तशीच उभी होते.

उतरण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपलं सगळं लक्ष चढण्याकडे असतं. होकान आल्फ्रेडसन हा स्वीडनचा अस्थिशल्यविशारद. त्याचा स्वतःचा कंडरा कायम दुखायचा. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तेव्हा कंडरा तुटला तर करावीच लागेल म्हणून त्याने पायरीच्या कडेवर टाचा खाली सोडायचा सपाटा लावला, असं तो स्वतःच सांगतो. कंडरा तुटला नाही; दुखणं गेलं. १९९८मध्ये त्याने व सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली: पायरीच्या कडेवर चवडा, टाच हळू खाली, पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. रोजचे एकशे ऐंशी झाले. ही पद्धत दुखऱ्या कंडऱ्यासाठी आहे, माझ्यासारख्या तुटून शिवलेल्यासाठी नाही. पण हळू उतरणं हाही व्यायामच आहे, हे त्या हट्टी माणसामुळे जगभरच्या फिजिओंच्या तोंडी बसलं.

पायरीच्या कडेची आणखी एक गोष्ट. ब्राझीलमध्ये, २०२३मध्येच, बेचाळीस तरुणींवर आठ आठवडे प्रयोग झाला. एका गटाने टाच अगदी खालपासून अगदी वरपर्यंत न्यायची, दुसऱ्याने फक्त खालचा, ताणलेला अर्धा भाग करायचा, तिसऱ्याने फक्त वरचा. वरच्या स्नायूचं आतलं डोकं पूर्ण फेरीने ६.७ टक्के वाढलं, नुसत्या वरच्या भागाने ३.४, आणि नुसत्या खालच्या भागाने १५.२. जिममधली मुलं वर जाऊन पोटरी आवळून आरशात बघतात, तो भाग सगळ्यांत कमी कामाचा निघाला.

मला हे वाचून पायरीकडे धाव घ्यावीशी वाटली, पण मला पायरी बंद होती. शिवलेला कंडरा पहिले काही महिने लांबू शकतो. टाच जमिनीच्या पातळीखाली न्यायची नाही, अशी सर्जनची ताकीद होती. आणि कंडरा थोडा लांबला की टाच पूर्वीइतकी वर जात नाही, स्नायू कितीही आवळा. म्हणजे माझं उणं नेमकं त्या वरच्या भागात होतं, जो पोटरी भरण्यासाठी सगळ्यांत कुचकामी ठरला होता. सगळ्यांसाठी जो व्यायाम पहिला आला तो मला वर्ज्य, आणि जो शेवटचा आला तो मला रोज हवा. हे कळायला फिजिओ लागली; आकड्यांना माझा पाय माहीत नव्हता.

आठव्या महिन्यात तिने मला जिममध्ये पाठवलं. खांद्यांवर गाद्या टेकवून उभ्याने टाचा उचलायचं यंत्र तिथं आहे, आणि त्याची खरी किंमत एवढीच की वजन पाच-पाच किलोंनी वाढवता येतं. ओट्याशी फक्त आकडा वाढतो. तिथली मुलं छाती आणि दंडांवर जीव टाकतात आणि खाली पूर्ण लांबीची ट्रॅकपँट घालतात, त्यामागचं कारण सांगायला नको. आर्नोल्ड श्वार्झनेगरची गोष्ट मी त्यांना ऐकवली: पोटऱ्या कमी पडतात हे लक्षात आल्यावर त्याने विजारीचे पाय गुडघ्याखाली कापून टाकले, म्हणजे सगळ्यांना दिसेल आणि लाज वाटून काम होईल. कंबरेत वाकून, पाठीवर माणसं बसवून तो टाचा उचलायचा. मुलं हसली. कुणी पँट कापली नाही.

बडोद्यात राहून हे सगळं स्वीडन आणि ब्राझीलहून मागवायचं, याचं आईंना नवल वाटायचं. त्यांचे वडील जुम्मादादा व्यायाम मंदिरात, प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. याच शहरात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला. आपल्या देशी बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात आणि सगळा भार चवड्यांवर येतो. पण तळाशी गुडघा पूर्ण दुमडलेला असतो, म्हणजे ते काम खालच्या चपट्या स्नायूचं. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मग बसफुगडीचंही तसंच असेल.’’ मंगळागौरीच्या रात्री उकिडवं बसून, चवड्यांवर उड्या मारत, एकेक पाय पुढे फेकायचा तो खेळ. लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला नव्हता, हे त्यांनी मला साठ वर्षांनंतर सांगितलं. चरकाने वाताच्या ऐंशी विकारांत पिंडिकोद्वेष्टन मोजलं आहे, पोटरीत गोळा येणं. त्या सकाळी त्यांना तो आला होता, आणि त्यांच्या सासूबाईंनी तेल लावून दिलं होतं.

पण ही आठवण सांगणाऱ्या आई खुर्चीत बसून होत्या आणि खुर्ची सोडायला तयार नव्हत्या. अमेरिकेतल्या भाच्याने त्यांच्या हाती आयतं हत्यार दिलं. ह्यूस्टन विद्यापीठातला २०२२चा एक प्रयोग: खुर्चीत बसून, विशिष्ट पद्धतीने, तासन् तास टाचा हलक्या हलक्या उचलत राहिल्या तर सोलियस रक्तातली साखर खात राहतो, ग्लुकोज प्यायल्यावर होणारी साखरेची उसळी ५२ टक्क्यांनी कमी झाली. आईंना मधुमेह आहे. त्यांनी फोन फिजिओच्या पुढे धरला. ‘‘बघ, अमेरिकेत बसूनच करतात.’’

ती मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘बा, शुगर माटे सारुं छे. बाथरूम माटे नथी.’’

आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापत ठेवलं होतं, आणि दुधाशी उभं राहावंच लागतं, तेव्हा त्या ओट्याशी आल्या. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरली. फिजिओ म्हणाली, ‘‘एडी ऊंची करो.’’ टाचा किंचित उचलल्या. मला वाटतं, एखादी वर्तमानपत्राची घडी सरकवता आली असती. त्यांचे दंड थरथरत होते. भार सगळा हातांवर होता. मी मागे उभी होते, हात पुढे धरून, न टेकवता. दोन झाले आणि त्या म्हणाल्या, ‘‘बस. दूध आलं.’’ दूध आलं नव्हतं.

पुढचे चार महिने हेच. मूठ सुटून चार बोटं झाली, चाराची दोन. हळू उतरायचं म्हणजे किती हळू, हे त्यांना सेकंदांत कळेना. त्यांनी आपलं माप काढलं. चढताना काही नाही, उतरताना ‘राम कृष्ण हरी’. तीन शब्द संपेपर्यंत टाच टेकवायची नाही. मी ते माप उचललं. जिममध्ये चाळीस किलो खांद्यावर घेऊन मी मनात तेच म्हणते.

एका पायावर पंचवीस, ही निरोगी पोटरीची खूण म्हणून १९९५च्या एका अमेरिकी अभ्यासाने रूढ केली. त्यातली माणसं साठीच्या आतली होती. माझा उजवा सत्तावीस करतो, डावा एकोणीस, आणि डावी टाच अजून दोन बोटं खाली राहते. ती तशीच राहील असं सर्जन म्हणतात. डावी पोटरी तेहेतीस झाली आहे. मागच्या नवरात्रात मी बाहेरच्या, सावकाश फिरणाऱ्या फेऱ्यात बे ताळी खेळले, चार रात्री.

आई दोन्ही पायांवर अकरा करतात, कधी बारा. आंघोळीला जाताना दाराशी कुणी उभं नसतं. कडी मात्र लावायची नाही, एवढ्यावर तडजोड झाली आहे. परवा त्यांनी स्वतःच टेप मागितली. पलंगाच्या कडेला बसून लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाय पुढे केला. साडेअठ्ठावीस भरली. फिजिओ म्हणाली, अर्धा सेंटिमीटर टेपच्या ताणातही येतो, आंटी, फार धरू नका.

‘‘तिला काय कळतंय,’’ आई म्हणाल्या. ‘‘तू लिही. तारखेसकट लिही.’’